डाव्या हाताचं काम

१० नोव्हेंबर १९७२

छबू गेली!

सकाळी नऊला चकलांब्याच्या वेशीतून ट्रक हलला. सतरा कोयते. म्हणजे सतरा जोड्या. ऊसतोडीत एकट्या माणसाला कोयता म्हणत नाहीत. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, दोघांचा मिळून एक कोयता. एकटा असला की तो ‘अर्धा कोयता’. माझा मेव्हणा शहादेव यंदा अर्धा, कारण त्याची बायको बाळंतीण. माझी बायको छबू अर्धी, कारण माझा उजवा हात असा. भाऊबीज झाली न् मुकादम आश्रुबानं बहीण-भावाचा एक कोयता करून टाकला. मला कुणी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात?

ट्रकमधून ती म्हणाली, “हात झाकून ठिवत जाऊ नका. वारा लागू द्या त्याला.” एवढंच. मग धूळ.

डॉक्टर म्हणाले होते, डाव्या हातानं रोज पानभर लिहीत जा. सात महिने टाळलं. आज बसलो. मुंगीचे पाय शाईत बुडवून सोडल्यासारखं अक्षर! पण घरात बोलायला कुणी नाही. तर मग हेच.

१४ नोव्हेंबर

गेवराईला गेलतो. सोसायटीच्या जिनिंगला कुलूप. कापूसच नाही तर जिन काय चावणार! चेअरमन भगवानराव ओट्यावर बसलेले. म्हणाले, “त्रिंबक, घरी बसून गंजशील बे. मिशनचा जुना बंगला सोसायटीनं धान्यासाठी घेतलाय. दुष्काळी कामावरच्या लोकांची मिलो, ती परदेशी लाल ज्वारी, तिथं उतरतीय. तिथंच ऱ्हा, राखण कर, वाटपाला उभा ऱ्हा. एका हाताचं काम हाय.”

एका हाताचं! ते सहज बोलले. मला लागलं. पण हो म्हणालो.

१६ नोव्हेंबर

बंगला गावाबाहेर, कडुनिंबांत. मिशनची गोरी माणसं सात-आठ वर्षांमागं मायदेशी गेली, तेव्हापासून पुढच्या भागात कुणी राहत नाही. मोठ्या खोलीत लाल ज्वारीची पोती छातीइतकी रचलेली. एका कोपऱ्यात चादर घातलेलं काहीतरी, कपाटासारखं.

मागच्या दोन खोल्यांत एक बाई राहतात. सुंदरबाई आढाव. मूळच्या नगरच्या, ख्रिस्ती. मिशनच्या दवाखान्यात तीस वर्षं नर्स होत्या. साठी ओलांडलेली. काठी टेकत आल्या. डावा हात पोटाशी धरलेला — धरलेला म्हणजे, नुसता तिथं होता.

मी माझा उजवा नेहमीसारखा उपरण्यात घातला. त्या म्हणाल्या, “काढ बाहेर. मी नर्स आहे.”

काढला.

“कशात गेली बोटं?”

“जिनमदी. रोलर साफ करताना. मार्चात.”

“अंगठा आहे, पहिलं बोट आहे. बरं आहे.” आणि चुलीकडं निघून गेल्या.

‘अरेरे’ न म्हणणारं हे दुसरं माणूस. पहिली छबू.

२१ नोव्हेंबर

हमाल रामकिसन कपिलधारच्या धबधब्यापाशी भरणाऱ्या जत्रेहून आला. म्हणतो, “औंदा धार न्हाई, नुसतं कपिल राह्यलंय!” हसलो. बऱ्याच दिवसांनी.

२२ नोव्हेंबर

आज चादर उचलली. पियानो!

नाव ऐकून होतो, पाहिला नव्हता. झाकण उघडलं. पेटीसारख्याच पांढऱ्या-काळ्या पट्ट्या, पण किती! संपतच नाहीत. अपघाताआधी चकलांब्याच्या भजनात पेटी माझीच असायची. उजव्यानं वाजवायचं, डाव्यानं भाता मारायचा. मार्चपासून पेटीला शिवलो नव्हतो.

भाता शोधला. सापडेना. मागं हात घालून पाहिलं, खाली वाकून पाहिलं. नाही. मग डाव्या हातानं एक पट्टी दाबली. वाजली! भरल्या विहिरीत खडा पडावा तशी.

मागं काठीचा आवाज. म्हटलं, आता बोलणी बसणार.

“बाई, भाता न्हाई याला?”

“नाही.”

“मंग डावा हात काय करतो?”

बाईंनी माझ्याकडं नीट पाहिलं. म्हणाल्या, “डावा हात निम्मं गाणं वाजवतो.”

२३ नोव्हेंबर

निम्मं गाणं! आणि आम्ही त्याला जन्मभर भाता मारायला लावला.

२७ नोव्हेंबर

वाटप दुपारीच आटोपलं. बाईंनी ट्रंकेतून तीन मोठी पुस्तकं काढायला लावली. आत पाच-पाच रेघा न् त्यांच्यावर काळे ठिपके, तारेवर चिमण्या बसल्यासारखे.

लहानपणी नगरला मिशनच्या मडमबाईंनी शिकवलं त्यांना. पुढं दवाखान्यातून आल्यावर रोज तासभर वाजवायच्या. गोरी माणसं गेली, पियानो बाईंसाठी ठेवून गेली. गेल्या साली गणपतीच्या दिवसांत अर्धांगाचा झटका आला. पाय परत आला, हात आला नाही.

“येईल की,” मी म्हणालो.

“हे ‘येईल’ मी तीस वर्षं लोकांना सांगितलंय त्रिंबक. मला नको सांगू.”

मी पुस्तकांची पानं उलटू लागलो.

एका पुस्तकात एका माणसाचं चित्र. गालाला हात टेकलेला, डोळे भलतीकडंच. “हा शूमान,” बाई म्हणाल्या. “जर्मनीचा. सव्वाशे वर्षांमागचा. याला मोठा पियानो वाजवणारा व्हायचं होतं. बोटांत बळ यावं म्हणून काहीबाही उपाय केले म्हणतात. उजव्या हाताचं बोट निकामी झालं. विशी नुकती ओलांडली होती.”

“मंग?”

“मग काय? वाजवता येईना, तर सगळा जीव लिहिण्यात ओतला. त्यानं रचलेलं अजून जगभर वाजवतात.”

“पन त्याचं त्याला कोन वाजवून दाखवायचं?”

“बायको. क्लारा. ती त्या काळची नावाजलेली. तो लिहायचा, ती वाजवायची.”

चित्रातला त्याचा हात मी पुष्कळ वेळ न्याहाळला. धड दिसला. चित्रात सगळ्यांचेच हात धड असतात.

४ डिसेंबर

आज काय झालं ते नीट लिहितो.

पोती मोजून झाली होती. बाई आल्या, बाकावर उजव्या अंगाला बसल्या न् काठीनं डावी बाजू दाखवली. “बस.”

“मी?”

“इथं दुसरं कोण आहे? तुझा उजवा गेलाय, माझा डावा. दोघांचे मिळून दोन हात होतात की नाही?”

मला बाकावर बसायचा संकोच. त्या वयानं मोठ्या, शिकलेल्या. मी जिनचा फिटर. बाई चिडल्या. “अरे, पोत्यांवर बसतोस तसा बस!”

शोपँ म्हणून असाच एक जुना रचणारा आहे. त्याचं एक पानभराचं, हळू चालणारं काढलं. त्यात उजवा हात गातो आणि डावा तीन सुरांची मोळी धरतो. तीच मोळी पुन्हा पुन्हा, मऊ. मग एक सूर तेवढा खाली सरकतो. पुन्हा तीच. कुणी जिना उतरताना पायरी-पायरीला थांबावं तसं.

तीन सूर, तीन बोटं. माझी गेली तीनच, इथं लागतातही तीनच!

पहिल्या ओळीतच हात अवघडला. बाईंनी उजव्या हातानं वरचा सूर धरला. एकच, लांब. मी खाली मोळी वाजवली. दोन्ही एकदम वाजलं — आणि अंगावर सरसरून काटा आला! मी थांबलो. बाईही थांबल्या. त्या खिडकीकडं बघत होत्या. म्हणाल्या, “पंधरा महिने झाले.” एवढंच म्हणाल्या.

५ डिसेंबर

बोटं सुजली. चांगलं वाटलं.

१२ डिसेंबर

यंत्र म्हटलं की मला राहवत नाही. पुढची फळी काढली. आत दोनशेच्या वर तारा, प्रत्येक पट्टीला एक लाकडी हातोडी, तिच्या तोंडाला लोकर. लोकर कसरीनं खाल्लेली. नऊ हातोड्यांची तर पार गेलेली, त्या पट्ट्या दाबल्या की नुसती टकटक. खोगिराखाली घालतात तो जाड लोकरीचा जुना नमदा बाजारातून आणला, कात्रून चिकटवला. अंगठ्यानं न् एका बोटानं धरलं, डाव्यानं कापलं. नऊच्या नऊ चालल्या!

बाई म्हणाल्या, “तुझा उजवा हात मेलेला नाही रे.”

१८ डिसेंबर

छबूचं पत्र. कारखान्यावरच्या शाळेच्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं, पण बोलणं तिचंच. ‘हिकडं पाटाला पानी हाय. ऊस लई हाय. शहादेव जपतो. थंडी लई पडती. हात बरा हाय का? दिसभर काय करता?’

दिवसभर काय करतो! उत्तरात लिहिलं, ‘पोत्यांची राखण.’ पियानोचं लिहिलं नाही. ती तिथं उसाच्या पाचटात हात कापून घेतीय, न् मी इथं बाकावर बसून बाजा वाजवतोय — कसं लिहू?

२३ डिसेंबर

रामकिसननं आज सगळ्या हमालांदेखत विचारलं, “कावून बे त्रिंबक, म्हातारीसंगं बसून त्ये काय कुटत बसतो?” सगळे हसले. मीही हसलो. मग वाजवायला बसलोच नाही. बाई वाट पाहून आत गेल्या.

२५ डिसेंबर

बाईंचा सण. एकट्याच होत्या. कुणीतरी करंज्या पाठवलेल्या, त्यांतल्या चार मला दिल्या. मी गुपचूप बाकावर डावीकडं जाऊन बसलो. त्यांनी काही विचारलं नाही. आल्या, बसल्या. संध्याकाळपर्यंत वाजवलं.

२ जानेवारी १९७३

आज धीर सुटला. मधल्या ओळीत मोळ्या भराभर बदलतात, आवाज वाढतो. तिथं माझा हात वीस वेळा घसरला. म्हणालो, “बाई, आपलं हे अर्धं काम. अर्ध्या माणसांचं. कशाला?”

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “क्लाराचं ऐक. आठ बाळंतपणं झालेली. नवरा वेड लागून दवाखान्यात, पुढं तिथंच गेला. ती पोरांना माणसांच्या हवाली करून गावोगाव वाजवत फिरली. बर्फातून, घोडागाडीतून. घर तिच्या दोन हातांवर. म्हातारपणाकडं तिचाही उजवा हात दुखावला. आणि त्याच सुमारास तिचा जुना मित्र ब्राम्स, तोही मोठा रचणारा, त्यानं तिला एक वही पाठवली. दुसऱ्या कुणाची जुनी थोर रचना, यानं ती एकट्या डाव्या हातासाठी बसवलेली. त्याला तिच्या हाताचं ठाऊकही नव्हतं म्हणतात.”

“एकट्या डाव्यासाठी? पुरं गाणं?”

“पुरं. कुठं कमी पडत नाही. वही माझ्याकडं नाही, नुसतं ऐकून आहे. तू दहा वर्षं घासशील तेव्हा तुला मिळेल.”

दहा वर्षं! म्हणजे बाईंनी माझी दहा वर्षं धरूनच ठेवलीत.

पोरं घरी सोडून कामाला गावोगाव जाणारी बाई. आमच्याकडं दर घरात एक क्लारा आहे. वाजवायला पियानो तेवढा नाही, हातात कोयता आहे.

पुन्हा बसलो. एकविसाव्यांदा निघालं.

९ जानेवारी

भगवानराव आले. सोबत मापाची फीत घेतलेला एक लाकूडवाला! पियानोची लांबी-रुंदी घेतली त्यानं. मोडून कपाटं करणार म्हणे.

“तीनशे पोती आनखी येत्यात,” भगवानराव म्हणाले. “पावसाळ्यापतुर पुरवायचंय लोकांना. ह्ये पेटारं लई जागा खातंय. बाई, राग मानू नका. पन लोकांच्या पोटाचं बघावं लागतं मला.”

सुंदरबाई म्हणाल्या, “लोकांच्या पोटाआड मी येणार नाही, भगवानराव.” काठी टेकत आत गेल्या. ताठ.

चेअरमन वाईट माणूस नाही. खरंच जागा नाही. ते जीपमध्ये बसले तेव्हा तोंडातून निघून गेलं, “तीनशे पोती मी हितंच बसवून दाखवली तर?”

“कुठं बसवशील बे? डोक्यावर?”

“दोन दिस द्या.”

“दिले.”

१० जानेवारी

बोलून बसलो. एका हातानं शंभर किलोचं पोतं कसं हलवणार?

सकाळी जमिनीवर खडूनं थप्प्या आखल्या. जिनिंगमध्ये गाठी रचायचो तशा — एक थर आडवा, एक उभा, एकमेकांत दात घातल्यासारखा. तशी थप्पी ढासळत नाही, आढ्यापर्यंत नेता येते. आत्ताची नुसती ढिगानं टाकलीत. हिशेब बरोबर. हात नाहीत.

रामकिसन बिडी ओढत बघत होता.

मागं वाटपाची रांग. खडी फोडून आलेल्या बाया, डोक्यावर रिकामी टोपली. त्यांतल्या विमलबाई, चकलांब्याच्याच, त्या म्हणाल्या, “आज वाजवीनात कावून? उभं ऱ्हायाला बरं वाटतं आमाला.”

मी सांगितलं, पियानो मोडायला चाललाय.

विमलबाईंनी टोपली खाली ठेवली न् रामकिसनकडं वळल्या. “अन् तू काय बघत बसला रं मुडद्या?”

रामकिसननं बिडी विझवली!

११ जानेवारी

सहा हमाल, मी आखून देणारा. संध्याकाळपर्यंत अर्धी खोली. अंग आंबून गेलं. रामकिसन म्हणतो, “तुझं डोकं पुऱ्या दोन हातांचं हाय बे.”

१२ जानेवारी

झालं. भगवानराव पावलं टाकत खोली मोजून आले. आढ्याकडं पाहिलं. थप्पीला खांदा लावून ढकलून पाहिलं. हलेना.

“साडेतीनशे बसत्याल की बे!”

आणि हसले. सोबत आलेला लाकूडवाला फीत गुंडाळून गेला. जाता जाता भगवानराव बाईंना म्हणाले, “एकदा ऐकवा आमालाबी. पन लांबन लावू नका.”

२८ जानेवारी

आज पहिल्यांदा पान सुरवातीपासून शेवटापर्यंत. न थांबता!

वाटपाचा दिवस होता. रांग दारातून आत आलेली. बाई मुद्दामच बसल्या की काय कोण जाणे. मला खूण केली. पहिली मोळी धरली न् मग भीती कुठं गेली कळलं नाही. बाईंचा सूर वर गात होता. मी खाली पायरी-पायरीनं उतरत होतो. मधली ओळ आली, गेली. शेवटी तीन मोळ्या, अगदी हळू. मग काहीच नाही.

मग विमलबाई म्हणाल्या, “यात कुनी मेलंय का वो बाई?”

“मेलं नाही. गाव सुटलंय,” सुंदरबाई म्हणाल्या. आणि त्यांनी रांगेला शोपँची गोष्ट सांगितली. पोलंड म्हणून देश. तिथला हा. विशीत परदेशी गेला, मागं राज्यात बंडाळी झाली, पुन्हा गावी जाणं झालंच नाही. पॅरिसला पोरींना पियानो शिकवून पोट भरलं. छातीचं दुखणं. चाळिशीही गाठली नाही. मातीही तिथंच दिली. पण काळीज तेवढं बहिणीनं बरणीत घालून, लपवून, गावाकडं नेलं.

कुणीतरी चुकचुकलं. विमलबाईंची दोन्ही लेकं-सुना सांगलीकडं तोडीला आहेत. त्या म्हणाल्या, “काळीज तरी पोचलं.”

मग टोपली पुढं केली. मी माप ओतलं. डाव्या हातानंच ओतलं, सांडलं नाही.

२९ जानेवारी

छबूला सगळं लिहिलं. चार पानं. उजव्या हाताचं, डाव्या हाताचं, शूमानचं, क्लाराचं, विमलबाईंचं. टाकून आलो न् पोस्टाच्या पेटीसमोर उभाच राहिलो. परत काढता येत असतं तर काढलं असतं.

७ फेब्रुवारी

उत्तर नाही.

१४ फेब्रुवारी

उत्तर नाही. विहिरीला आज दोन हात पाणी. बाईंच्या घागरी मीच आणतो. दुसरं गाणं काढलंय. शूमानचं, लहान मुलांसाठी रचलेलं. सोपं म्हणतात. सोपं नाही!

१९ फेब्रुवारी

पत्र आलं!

‘मास्तरांनी दोनदा वाचून दाखवलं. टोळीतल्या बाया हसल्या. मी न्हाई हसले. मला वाटलं व्हतं तुमी अंधारात तोंड करून बसले असाल. रोज मोळी बांधताना त्येच मनात यायचं. आता येनार न्हाई. तुमीबी मोळ्याच बांधता म्हना की! पन उजव्या अंगाला बसती ती बाई म्हातारीच हाय ना? खरं लिवा.’

बाईंना शेवटची ओळ वाचून दाखवली. त्या इतक्या हसल्या की काठी पडली. “लिही तिला — दात चार उरलेत म्हणावं.”

तसंच लिहिलं.

६ मार्च

बोटं जाऊन आज बरोबर एक वर्ष झालं. सकाळी आठवलं न् दुपारी विसरलो. विसरलो हे आत्ता लिहिताना कळलं.

१५ मार्च

बाईंच्या हाताचं मनात येतं. बाकावर बसल्यावर तो डावा हात त्या मांडीवर ठेवतात, घडी केलेल्या लुगड्यासारखा. मी एकदा म्हणालो, चोळून देऊ का? “दीड वर्षानं काही येत नसतं. तू तुझी मधली ओळ बघ.” त्यांना ठाऊक असणार. नर्स आहेत.

३० मार्च

छबू आली! ऊस लवकर संपला. ट्रक गेवराईत थांबला न् ती चकलांब्याला न जाता सरळ बंगल्यावर. काळवंडलीय. तळहातांना चिरा. आल्या आल्या माझा उजवा हात हातात घेऊन उलटा-पालटा करून पाहिला. मग पियानो पाहिला. मग सुंदरबाईंना पाहिलं, नीट, वरपासून खालपर्यंत. न् पाया पडली.

आम्ही ते पान वाजवून दाखवलं. चार महिने मनात हेच होतं — ती ऐकेल तेव्हा काय म्हणेल. ती पोत्याला टेकून बसलेली. संपलं.

“लई हळू हाय,” ती म्हणाली. “झोप आली.”

आणि खरंच झोपली! तिथंच, पोत्याला टेकून, तोंड उघडं टाकून. पाच महिन्यांची झोप. बाई म्हणाल्या, “उठवू नकोस. याहून चांगलं कुणी ऐकलेलं नाही.” आणि आम्ही पुन्हा वाजवलं. आणखी हळू.

४ एप्रिल

पाडवा. बंगल्याच्या खिडकीत गुढी उभारली. बाईंनीच तांब्या दिला.

छबूनं बाईंचा ताबा घेतलाय. न विचारता. रोज सकाळी करडईचं तेल कोमट करते, बाईंचा डावा हात मांडीवर घेते न् चोळत बसते. बाई म्हणाल्या, “काही उपयोग नाही गं पोरी. मी नर्स आहे.” छबू म्हणाली, “असू द्या की. मला रिकामं बसवत न्हाई.” चोळताना एकेक बोट मोडते, मिटवते, उकलते. तोंडानं टोळीतल्या भांडणांच्या गोष्टी चालूच.

९ एप्रिल

बाई आता सकाळी स्वतःच हात पुढं करून बसतात. भांडणाचा पुढला भाग ऐकायला, म्हणतात.

१७ एप्रिल

पोती मोजत होतो. मागच्या खोलीतून छबूची हाक — “अवो! पळत या! बाईंनी माझं बोट धरलं!” गेलो. बाईंच्या डाव्या हातात छबूचं बोट. सैल, पण धरलेलं. बाई हाताकडं बघतात न् रडतात, छबू हसते. डाव्या हाताचं माझं काम आता जाणार म्हणायचं. जाऊ दे! जाऊ दे!!